जावातल्या खेड्यात कायमचं राहावं का? आणि पैसे गुंतवावेत का?

इचलकरंजीकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा इचलकरंजीचा. गेली १४ वर्षं इंडोनेशियात, मध्य जावात सोलोजवळ एका कापड गिरणीत विणकाम खातं सांभाळतोय. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. मुलगी पुण्यात नोकरीला लागली, तिकडची काळजी मिटली.

आम्हा दोघांना क्लातेन जिल्ह्यातलं एक गाव मनापासून आवडलंय. माझ्या ड्रायव्हरचं गाव. गेल्या १२ वर्षांत त्याच्या घरच्या प्रत्येक कार्याला आम्ही गेलोय. पाटाला बारमाही पाणी, वर्षात भाताची तीन पिकं आणि पहाटे आभाळ मोकळं असलं की समोर मेरापी ज्वालामुखी. पाण्यासाठी वणवण काय असते ते लहानपणी पाहिलंय, त्यामुळे त्या पाटाकडे नुसतं बघत बसावंसं वाटतं.

गावात एक जुनं लिमासान पद्धतीचं घर विकायला आहे. कौलारू, सागवानी खांबांचं, मागं हजारेक चौरस मीटर परसू. मालक म्हातारे आहेत, मुलं जकार्त्यात. ड्रायव्हर म्हणतो, "पाक (म्हणजे साहेब), माझ्या नावावर घ्या. कागदावर मी, घर तुमचं." त्याच्या मनात खोट नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. घर आणि थोडी शेती-जनावरं मिळून आपले ३५-४० लाख घालायची तयारी आहे.

तुम्ही काय कराल? त्याच्या नावावर घ्याल? आणि तिथं कायमचं राहणं जमेल का? खरंखुरं सांगा.

चहाबाज

वर्णन वाचूनच बॅग भरावीशी वाटली. घर घ्या न घ्या, फोटो टाका.

मुद्रांक

घेऊ नका. त्याच्या नावावर तर अजिबात नाही.

मी जकार्त्यात कंपन्यांच्या कागदपत्रांचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इथं जमिनीच्या प्रत्येक अधिकाराला 'हाक' म्हणतात, म्हणजे आपला हक्कच. पूर्ण मालकी म्हणजे 'हाक मिलिक', आणि ती फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. १९६० च्या मूळ जमीन कायद्यात कलम २१ मध्ये हे आहे. पण तुमच्यासाठी खरं महत्त्वाचं आहे कलम २६. आडमार्गानं परदेशी माणसाकडे मालकी जावी म्हणून केलेला व्यवहार मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे ड्रायव्हर शंभर टक्के सज्जन असला तरी कायदा तुमच्या बाजूनं उभा राहत नाही. सोबत कर्जरोखा करा, कुलमुखत्यारपत्र घ्या, असे सल्ले देणारे भेटतील. ते सगळे कागद एकत्र वाचले की हेतू उघड दिसतो.

परदेशी माणसाला घरासाठी 'हाक पाकाई', म्हणजे वापराचा हक्क मिळू शकतो. मुदत ३० वर्षं, पुढं २०, मग आणखी ३०. पण अशा घराची किमान किंमत सरकारनं ठरवलीय आणि जावात ती काही अब्ज रुपियांत जाते. खेड्यातलं लिमासान त्यात बसणार नाही. कंपनी काढून 'हाक गुना बांगुनान', म्हणजे इमारत बांधण्याचा हक्क, घ्यायचा म्हटलं तर परकी गुंतवणुकीच्या कंपनीला जमीन-इमारत वगळून १० अब्ज रुपियांपेक्षा जास्त गुंतवणूक दाखवावी लागते. एका भारतीय रुपयाचे पावणेदोनशेहून जास्त रुपिया धरले तरी हा आकडा पाच कोटींच्या पुढं जातो.

राहिली 'सेवा', म्हणजे भाडेपट्टा. तो करा. नोटरीसमोर, लांब मुदतीचा, तुमच्या स्वतःच्या नावावर.

लवंगवेलची

मुद्रांक यांचा शब्द न् शब्द खरा. मी यातून गेलोय.

२०१५ मध्ये लोम्बोक बेटाच्या उत्तरेला एका मित्राच्या नावावर जागा घेतली, दोन लाकडी खोल्या बांधल्या. पाहुणे येत होते, बरं चाललं होतं. ५ ऑगस्ट २०१८ च्या भूकंपात एक खोली बसली. ते सहन केलं, पुन्हा बांधायला घेतलं. दुसऱ्या वर्षी मित्र गेला. अचानक, झोपेत. आणि तेव्हा कळलं की माझा विश्वास ज्या एका माणसावर होता, त्याच्या जागी आता बायको, तीन मुलं आणि एक भाऊ असे पाच हक्क सांगणारे उभे आहेत. त्यातलं कोणी वाईट नव्हतं. भावाला मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवे होते, एका मुलाला मोटरसायकल. कागद त्यांच्या बाजूचा होता. मी कोर्टात जाऊन काय सांगणार होतो, की मी कायदा चुकवला म्हणून मला न्याय द्या?

वहिनी रडत होत्या, मीही. पाच वर्षांची मेहनत सोडून आलो. पैशापेक्षा मित्राच्या घरी आता जाता येत नाही, ते जास्त लागतं.

इचलकरंजीकर, तुम्ही ड्रायव्हरच्या सचोटीची शपथ घ्याल, पण त्याच्या आयुष्याची घेता येईल का? त्याच्या जावयाची?

बांधावरचा

दादा, वाचून वाईट वाटलं.

मी सांगली भागातला शेतकरी, परदेशात कधी गेलो नाही, पण एक विचारतो. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही. तरी पुण्या-मुंबईचे लोक कुणाच्या तरी नावावर घेतातच, आणि आमच्या पोरांना बांधाला बांध लागून असलेला तुकडा परवडत नाही. त्या लोकांनी कायदा केलाय तो त्यांची जमीन त्यांच्याकडं राहावी म्हणून. तो चुकवायचा कसा याची चर्चाच नको. आणि ४० लाख घालायचेच तर हातकणंगले, शिरोळात का नको?

भटकभवानी

बांधावरचा, तुमच्या मुद्द्याला इतिहासाची बाजू आहे. डचांनी १८३० पासून जावातल्या शेतकऱ्यांकडून सक्तीनं ऊस, नीळ, कॉफी पिकवून घेतली. पुढं १८७० च्या कायद्यानं खासगी मळेवाल्यांना लांब मुदतीचे पट्टे मिळाले. क्लातेन तर ऊस आणि तंबाखूचा पट्टा, तिथं जुना साखर कारखाना आणि साखरेचं संग्रहालय आहे. जरूर बघा. १९६० चा कायदा आला तो ते १८७० चं प्रकरण पुसायला. त्यामुळे 'परक्याला मालकी नाही' हे वाक्य तिथल्या लोकांसाठी कोरडं कलम नाही.

शेतजमिनीला आणखी एक अट आहे: मालक त्याच तालुक्यात राहणारा हवा. गैरहजर जमीनदार नको म्हणून १९६१ पासूनचा नियम.

मुद्रांक

बरोबर. आणि ही अट इंडोनेशियन माणसालाही लागू आहे. शहरातले लोक सर्रास मोडतात, ते वेगळं.

वोनोसोबोची_सून

उशिरा आले धाग्यावर. माझं सासर वोनोसोबो जिल्ह्यात, दिएंगच्या पठाराखाली. नवरा जावानीज. १३ वर्षं खेड्यात राहतेय, तर राहण्याबद्दल मी बोलते.

आधी एक कायद्याचं, कारण इथं मिश्र लग्नाची जोडपीही वाचत असतील. आम्ही लग्नाआधी संपत्ती वेगळी ठेवण्याचा करार केला नव्हता. त्यामुळे नवऱ्याच्या स्वतःच्या देशात, त्याच्या नावानं जमीन घ्यायला नोटरी नको म्हणाला, कारण लग्नानंतरची मिळकत दोघांची आणि मी परदेशी. ऑक्टोबर २०१६ मध्ये इथल्या घटना न्यायालयानं लग्नानंतरही असा करार करता येईल असा निकाल दिला, तेव्हा आमचं अडलेलं सुटलं. परसातली माझी कारिकाची, म्हणजे डोंगरी पपईची झाडं त्या निकालानंतरची.

आता गाव. काका, तुम्ही १२ वर्षं पाहुणे म्हणून गेलात. पाहुणा आणि 'वार्गा', म्हणजे गावचा माणूस, यात फार अंतर आहे. वार्गा झालात की पहिल्या दिवशी आर.टी. प्रमुखाकडे नोंद. आर.टी. म्हणजे तीसेक घरांची आळी म्हणा. मुलगी पुण्याहून आली आणि रात्री राहिली तरी २४ तासांत कळवायचं, कोपऱ्यावर तशी पाटीच असते. रात्रीची 'रोंदा' म्हणजे गस्त, प्रत्येक घरची पाळी. गस्तवाले घराघरासमोर टांगलेल्या वाटीतून 'जिम्पितान' गोळा करतात. पूर्वी मूठभर तांदूळ असायचे, आता नाणी. आपल्याकडच्या मुष्टिफंडासारखंच. त्यातून दिव्यांचे खांब, मांडवाची भांडी, कुणाचं औषधपाणी. मला सगळ्यात आधी आपलंसं वाटलं ते 'आरिसान'. चक्क भिशी! दर महिन्याला बायका जमतात, चिठ्ठी काढतात, चहा आणि उकडलेले शेंगदाणे.

पण दमणूकही सांगते. जावानीज पंचांगातल्या 'बसार' महिन्यात लग्नांची रांग लागते. प्रत्येक लग्नात पाकिटात पैसे, आणि बायकांनी दोन-तीन दिवस आधीपासून 'रेवांग', म्हणजे स्वयंपाकाला हात लावायला जायचं. कोणी गेलं की मशिदीच्या भोंग्यावर सांगतात, हातातलं काम टाकून सगळे निघतात. पैसे पाठवून चालत नाही, माणूस दिसावा लागतो. पहिल्या वर्षी मी दोनदा गेले नाही. कोणी एका शब्दानं बोललं नाही, पण तिसऱ्या वेळी आमच्याकडे कार्य होतं तेव्हा चूल पेटवायला चारच जणी आल्या. त्यानंतर आजतागायत एकही चुकवलं नाही.

जावानीज भाषा शिका. बाजारात इंडोनेशियन चालते, पण म्हाताऱ्यांशी 'क्रामा' म्हणजे आदराची भाषा, पोरांशी 'न्गोको'. 'खाणे' या क्रियापदालाच समोरच्या माणसाप्रमाणे शब्द बदलतो. तुम्ही मोडकंतोडकं क्रामा बोललात तरी सबंध आळी खूष होते.

रेघोट्या

वोनोसोबोची_सून ताई, हा प्रतिसाद जपून ठेवतेय. शाकाहारी माणसाचं तिकडच्या खेड्यात कसं होतं?

वोनोसोबोची_सून

छान होतं! तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तोफू, पालेभाज्या, नारळाच्या दुधातली लोदेह, शेंगदाण्याच्या चटणीचं पचल. फक्त 'तरासी' विचारून घ्यायची, म्हणजे सुकटीची चटणी म्हणा. सांबळमध्ये, म्हणजे मिरचीच्या ठेच्यात, ती बहुतेक असतेच. मी सासूबाईंना एकदा सांगितलं, तेव्हापासून माझा सांबळ वेगळ्या खलात कुटतात. नारळाचा काळा गूळ मिळतो, पुरणपोळी त्याचीच करते. रंग काळपट येतो, चव झकास.

चहाबाज

कोल्हापूरच्या माणसासमोर गुळाचं नाव काढलंत. आता इचलकरंजीकर नक्की परत येणार.

इचलकरंजीकर

आलोच. बायकोनं पोळीचा मजकूर दोनदा वाचून घेतला.

सर्वांचे आभार. लवंगवेलची, तुमचा प्रतिसाद रात्री झोपू देईना. बांधावरचा, हातकणंगल्याचा विचार केला नाही असं नाही. पण १४ वर्षांत आमची सुखदुःखं इथल्या माणसांत वाटली गेलीत. बायकोचं मोठं आजारपण इथं निभावलं, तेव्हा त्या गावच्या बायका आळीपाळीनं डबा घेऊन २५ किलोमीटरवरून यायच्या. त्याचं कर्ज राहिलंय डोक्यावर. म्हणून पैसेही तिथंच लागावेत असं वाटतं. मालकी नको, पण उपयोग व्हावा. असं काही जमतं का?

वोनोसोबोची_सून

जमतं, आणि तुम्हाला नवीनही वाटणार नाही. आपल्याकडे शेळी अर्धलीनं देतात ना? जावात त्याला 'गादुह' म्हणतात. शेळी किंवा गाय तुम्ही घेऊन द्यायची, सांभाळ शेजाऱ्यानं करायचा, पिल्लं किंवा नफा ठरल्याप्रमाणे वाटून घ्यायचा. बकरी ईदच्या आधी जनावराला भाव चांगला येतो, त्यामुळे सगळे त्या हिशेबानं पाळतात. आमची सासूबाईंची सहा शेळ्यांची गादुह तीन घरांत आहे. शेळी मेली तर नुकसान कोणाचं, हे आधीच चारचौघांत बोलून घ्या. आमच्याकडे रोगानं मेली तर मालकाचं, हलगर्जीपणानं मेली तर सांभाळणाऱ्याचं. रोग की हलगर्जी हे आळीतली म्हातारी माणसं ठरवतात.

'सेंगोन'चं मात्र जपून. झपाट्यानं वाढणारं लाकूड, पाच-सात वर्षांत तोडीला येतं, आमच्या भागात उतारांवर सगळीकडे तेच. स्वतःच्या बांधावर शेतकरी लावतो ते चांगलं. पण 'झाडात पैसे गुंतवा, आम्ही बघतो' म्हणत येणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.

मुद्रांक

इथं मला एक थांबा लावायचाय. काका, तुमचा राहण्याचा परवाना कोणता असेल? आत्ताचा कितास नोकरीशी बांधलेला आहे, नोकरी संपली की तो संपला. ज्येष्ठांसाठी वेगळा परवाना आहे, त्याला वयाची अट आणि मिळकतीचा पुरावा लागतो, आणि त्यावर काम करता येत नाही. दुसरा 'सेकंड होम' नावाचा, २०२२ च्या अखेरीस आला. तेव्हा त्यासाठी सरकारी बँकेत २ अब्ज रुपिया ठेवावे लागत, म्हणजे आपला कोटभर रुपया अडकायचा. तुम्हाला पहिलाच शक्य दिसतो. म्हणजे शेळ्यांच्या बाजारात उभं राहून सौदा करणं, खानावळ चालवणं हे तुमच्याकडून होता कामा नये. ओळखीच्याला मदत म्हणून दिलेला पैसा वेगळा, धंदा वेगळा. ही रेघ कुठं पडते ते इमिग्रेशनच्या माहीतगाराला विचारून लेखी घ्या. आणि वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की कराच्या दृष्टीनं तुम्ही तिथले, हेही लक्षात ठेवा.

लवंगवेलची

परवान्याचा मुद्दा सोन्यासारखा. आमच्या किनाऱ्यावर बरेच जण जमिनीवरून नव्हे, परवान्यावरून बाहेर पडले.

भटकभवानी

क्लातेनमध्येच पोंगोक नावाचं गाव आहे, तिथं गेलाय का? गावच्या झऱ्याचा तलाव, पूर्वी आंघोळी-धुण्याचा. गावाच्या मालकीच्या कंपनीनं तिथं पाण्याखाली फोटो काढायची सोय केली. लोक तळाशी मोटरसायकलवर बसून फोटो काढतात, खरंच! गावकऱ्यांनीही त्यात भाग घेतले. २०१४ च्या ग्रामकायद्यानंतर गावांना केंद्राकडून थेट निधी येतो, त्यामुळे अशा ग्रामकंपन्या खूप निघाल्या. सगळ्या चालतात असं नाही, कित्येक गावांत नुसता फलक उरतो. पण पैसा गावात जिरवायचा तर आधी गावाचं स्वतःचं काय चाललंय ते बघावं.

बांधावरचा

तळ्यात मोटरसायकल! आमच्या पाझर तलावात आधी पाणी येऊ दे.

इचलकरंजीकर, डब्याचं वाचलं. आता मी हातकणंगल्याचं नाव काढणार नाही. फक्त एक: घराचा सातबारा कोणी तपासला का?

मुद्रांक

छान आठवण केलीत. सातबारा असा नाही, पण मुद्दा तोच. बऱ्याच जुन्या घरांकडे 'गिरिक' किंवा 'लेटर सी' असतं. ती कर भरल्याची जुनी नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. खरा पुरावा म्हणजे जमीन कार्यालयाचं प्रमाणपत्र. २०१७ पासून गावंच्या गावं मोजून प्रमाणपत्रं दिली जाताहेत, त्यामुळे कदाचित झालंही असेल. भाडेपट्ट्यालाही हे लागतं, कारण भाड्यानं देणारा मालकच नसेल तर पट्टा कशाचा? प्रमाणपत्रावर 'पकारांगान' म्हणजे घराची जागा आहे की 'सावाह' म्हणजे भातखाचर, हे वाचा. आणि जागा गावाच्या मालकीची किंवा 'बेंगकोक' नाही ना, हेही. बेंगकोक म्हणजे गावकामगारांना पगाराऐवजी दिलेली जमीन, आपल्या पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनासारखी. शेजारच्या स्लेमानमध्ये गावच्या जमिनीवर घरं बांधून विकल्याचं प्रकरण २०२३ मध्ये खूप गाजलं. घेणारे अडकले.

रेघोट्या

आणि ज्वालामुखी? कोणीच कसं बोललं नाही!

वोनोसोबोची_सून

क्लातेनमध्ये कमालांग तालुका मेरापीच्या धोक्याच्या पट्ट्यात येतो, खालची गावं बरीचशी सुरक्षित. २०१० च्या उद्रेकात साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. धोक्याचा नकाशा सरकारी संकेतस्थळावर आहे, घर कुठं बसतं ते बघा. पण काका, खालच्या गावांना मला भूकंपाची जास्त भीती वाटते. २७ मे २००६ ला पहाटे झाला, बांतुल आणि क्लातेनमध्ये पाच हजारांहून जास्त माणसं गेली. विटांची, लोखंड न घातलेली घरं कोसळली. जुन्या लाकडी सांगाड्याची बरीच घरं हलली पण उभी राहिली. तुमच्या लिमासानचे खांब मूळचे आहेत की मागाहून भिंतींचा भार टाकलाय, ते सुताराला दाखवा.

इचलकरंजीकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. राहवलं नाही म्हणून सविस्तर.

आधी ड्रायव्हरशी बोललो. सगळा कायदा सांगितला, लवंगवेलचींची हकीकतही, नाव न घेता. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पाक, मी तुम्हाला नाही म्हणू शकत नव्हतो. पण बायको घाबरली होती. उद्या आमच्या पोरांनी भांडण काढलं तर तुम्हाला तोंड कसं दाखवायचं?" मी त्याच्यावर केवढं ओझं टाकत होतो, ते मला एकदाही सुचलं नव्हतं. तिथंच हात धरून त्याची माफी मागितली.

घराचं प्रमाणपत्र २०१९ चं निघालं, पकारांगान म्हणूनच. मालक विकण्याऐवजी २० वर्षांच्या पट्ट्याला तयार झाले, उलट खूष झाले, कारण वाडवडिलांचं घर मुलांच्या नावाला राहतं. नोटरीनं मालक, त्यांच्या पत्नी आणि जकार्त्याची तिन्ही मुलं यांच्या सह्या मागितल्यात. उद्या घर विकलं गेलं तरी पट्टा तुटत नाही, हे त्यानं दिवाणी संहितेचं कलम १५७६ उघडून दाखवलं. इथं भाडं वर्षाचं आगाऊ द्यायची रीत. आम्ही पाच-पाच वर्षांचे हप्ते ठरवले. भाड्यावरचा १० टक्के कर मालक भरतील, हेही लिहून घेतलं.

सुतारानं खांब ठोकून पाहिले. चार मूळचे, भक्कम. मागच्या न्हाणीघराची भिंत मात्र पाडून हलकी करायची. परवान्याची कागदपत्रं दिलीत. शेळ्यांचं तूर्त थांबवलंय, मुद्रांक म्हणतात तसं लेखी उत्तर येईपर्यंत.

गेल्या रविवारी पाट साफ करायचा होता, मी फावडं घेऊन गेलो. गुडघाभर चिखलात चार तास. संध्याकाळी आर.टी. प्रमुख घरी आले आणि रोंदाच्या यादीत माझं नाव लिहून गेले, शुक्रवारची रात्र.

वोनोसोबोची_सून ताई, गस्तीला जाताना घरून काही न्यायचं असतं का? पहिलीच पाळी आहे.

वोनोसोबोची_सून

काका, अभिनंदन! टॉर्च, कानटोपी, आणि उकडलेला कसावा किंवा तळलेलं काही. त्या आठवड्यात ज्यांची पाळी त्यांच्यापुरतं पुरेल एवढं न्या. काकूंना सांगा, कांदाभजी करून द्या. इकडे 'बाकवान' म्हणून जवळपास तीच खातात, पण आपल्या बेसनाची चव त्यांना नवीन असते. माझ्या नवऱ्याच्या गटात शुक्रवारी कोणी गैरहजर राहत नाही, ते माझ्या भज्यांमुळे.

बांधावरचा

शुक्रवार झाला की लिहा. वाट बघतोय.